फ्रान्सच्या खेड्यांतून दोघांचा निवांत गाडीप्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं, नवरा-बायको, नैऋत्य फ्रान्समधल्या खेड्यांतून भाड्याच्या गाडीने फिरलो. चौदा रात्री, तीन मुक्काम. परत आल्यापासून बहिणी, मैत्रिणी, सोसायटीतली मंडळी सगळ्यांचे साधारण तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. पॅरिस यात नाही.

फ्रान्समध्ये नेमके कुठे गेलात? तोच भाग का निवडला?

दोर्दोन्य, लॉत आणि आवेरों. हे एकमेकांना लागून असलेले तीन जिल्हे आहेत. पश्चिमेला बोर्दो आणि दक्षिणेला तुलूझ ही दोन मोठी शहरं धरली की त्यांच्या आतल्या बाजूला हा मुलूख येतो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून पेरिगोर, केर्सी अशी नावं आहेत.

इथली बहुतेक जमीन चुनखडीची. दोर्दोन्य आणि लॉत या नद्यांनी ती लाखो वर्षं कापत नेली, त्यामुळे नदीकाठाला उंच कडे तयार झाले, कड्यांच्या पोटात गुहा झाल्या आणि त्याच दगडातून माणसांनी घरं बांधली. काही गावं कड्याच्या पायथ्याला चिकटून आहेत, काही थेट माथ्यावर. दगड मधाच्या रंगाचा असल्यामुळे संध्याकाळी अख्खं गाव उजळल्यासारखं दिसतं.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंतरं. सार्ला गावापासून बेनाक दहा किलोमीटर, बेनाकपासून ला रोक-गाजाक जेमतेम पाच, तिथून नदी ओलांडली की दोम. दिवसाला तासभर गाडी चालवली तरी भरपूर होते. निवांत फिरायचं असेल तर असाच मुलूख हवा. नाहीतर सगळी सुट्टी हायवेवर जाते.

किती दिवस हवेत आणि किती गावं बघावीत?

किमान दहा रात्री. मुक्काम दोन किंवा तीन, त्याहून जास्त नकोत. आम्ही सहा रात्री सार्लाजवळ, पाच लॉत नदीच्या खोऱ्यात आणि तीन काँक गावात राहिलो.

आधी मी केलेल्या यादीत चौदा दिवसांत एकतीस गावं होती. प्रत्यक्षात अकरा पाहिली, आणि त्यातली चार तर पुन्हा पुन्हा. ही गावं सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच सहलींच्या बसनी भरलेली असतात. त्या वेळात तुम्हाला दिसतात ती दुकानं आणि माणसांच्या पाठी. सहानंतर बस निघून जातात, आजीबाई खुर्ची घेऊन दारात येऊन बसतात, पाकोळ्या छपरांवरून घिरट्या घालायला लागतात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो. गाव असतं ते हे. ते बघायचं तर रात्री मुक्काम तिथेच हवा, निदान पाच-दहा किलोमीटरवर. मला कुणी एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन.

कोणत्या महिन्यात जावं?

मे अखेर, जून किंवा सप्टेंबर. जूनच्या सुरुवातीला सूर्य साडेनऊनंतर मावळतो, म्हणजे संध्याकाळ केवढी मोठी मिळते! सप्टेंबरच्या शेवटी अक्रोड उतरवायला सुरुवात होते, ते बघायलाही मजा येते. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो, तेव्हा टाळता आलं तर टाळा. हिवाळ्यात अर्धी हॉटेलं आणि बरीच प्रेक्षणीय ठिकाणं बंद असतात. मे महिन्यात तिकडे सार्वजनिक सुट्ट्या खूप येतात, त्या आधी बघून घ्या, कारण जोडून सुट्टी आली की खोल्या मिळत नाहीत.

व्हिसाचं काय?

नेहमीचा शेंगेन व्हिसा. अर्ज मुंबई किंवा पुण्यातल्या केंद्रात करता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज घेतात. मोठ्यांसाठी फी ९० युरो आणि वर केंद्राचे सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचे पुरावे द्यावे लागतात, त्यामुळे रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

आपलं भारतातलं लायसन्स चालतं का?

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट सोबत असेल तर चालतं. ते आपल्या आरटीओतून मिळतं, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. अर्जासोबत पासपोर्टची आणि काही ठिकाणी व्हिसाचीही प्रत मागतात, म्हणून व्हिसा अगदी शेवटच्या आठवड्यात हातात पडला तर परमिटची पंचाईत होते. आधी व्हिसा, लगेच परमिट, हा क्रम पाळा. मूळ लायसन्सही बरोबर ठेवायचं, नुसतं परमिट चालत नाही.

आम्ही दोघांच्याही नावाने परमिट काढलं. गाडी बहुतेक वेळ नवऱ्याने चालवली, पण एक दिवस त्याची पाठ धरली तेव्हा स्टिअरिंग माझ्याकडे आलं.

गाडी कुठून घ्यावी आणि कोणती?

पॅरिसमधून घेऊ नका. पॅरिसहून वेगवान रेल्वेने बोर्दोला दोन तासांच्या आसपास पोचता येतं. तिथे, तुलूझला किंवा ब्रीव्ह या छोट्या शहरात गाडी घ्यावी. घेतली तिथेच परत केली तर स्वस्त पडतं.

लहान गाडी घ्या. गावांतले रस्ते दोन बैलगाड्या कशाबशा जातील एवढेच रुंद आहेत, शिवाय बाजूला दगडी भिंत. ऑटोमॅटिक हवी असेल तर काही महिने आधी सांगून ठेवा, कारण तिकडे अजूनही हाताने गिअर टाकायच्या गाड्या भरपूर असतात. आणि आपल्याला डाव्या हाताने गिअर टाकायची सवय, तिकडे तो उजव्या हाताला येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑटोमॅटिकच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. थोडे पैसे जास्त जातात पण डोकं रस्त्याकडे राहतं.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांच्या रिमपर्यंत फोटो काढा. परत करताना पुन्हा काढा. आम्ही भारतात परतल्यावर तीन आठवड्यांनी गाडीवाल्या कंपनीने मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे मागितले. तो ओरखडा आम्ही गाडी घेतली त्या दिवशीच्या फोटोत स्पष्ट दिसत होता. फोटो पाठवले, विषय मिटला. फोटो नसते तर काय केलं असतं?

रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला जमतं का?

जमतं. पहिले दोन दिवस जपावं लागतं, विशेषतः सकाळी पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर निघताना. समोर दुसरी गाडी नसली की हात सवयीने डावीकडे वळतो. आम्ही ठरवूनच टाकलं होतं की प्रत्येक वळणावर शेजारी बसलेल्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. आठवडाभर म्हणत होतो.

पण खरा घोळ दुसऱ्या नियमाचा आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय तिकडे चाक हातात घेऊ नये. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. तुम्ही गावाच्या मुख्य रस्त्यावर असलात आणि उजवीकडून एखाद्या बोळातून कुणी आलं, तरी हक्क त्याचा. तो न बघता येतो, कारण तो नियमाने बरोबर असतो. सार्लाच्या अलीकडच्या एका वाडीत अशीच एक पांढरी व्हॅन आमच्यासमोर सरळ बाहेर आली. ब्रेक दाबला, हातभर अंतर राहिलं. दोघंही पाच मिनिटं गप्प होतो.

यावर खूण अशी : पांढरी कड असलेला पिवळा चौकोन टोकावर उभा असा बोर्ड दिसला तर तुमच्या रस्त्याला प्राधान्य आहे. त्याच बोर्डवर तिरपी काळी रेघ आली की प्राधान्य संपलं, उजवीकडे बघत चला. गोल चौकात मात्र आधीच फिरत असलेल्या गाड्यांना जाऊ द्यायचं.

वेगमर्यादेचंही असंच बोर्डावर अवलंबून. लाल कडेचा गावाच्या नावाचा बोर्ड आला की आपोआप ताशी ५० सुरू, त्यासाठी वेगळा आकडा लिहिलेला नसतो. तेच नाव तिरप्या लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यावर २०१८ पासून ८० आहे, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर परत ९० केलंय, तिथे तसा बोर्ड असतो. हायवेवर १३०, पाऊस असेल तर ११०. कॅमेरे सगळीकडे आहेत आणि दंड गाडीवाल्यामार्फत घरापर्यंत येतो. दारूची मर्यादा रक्ताच्या लिटरमागे अर्धा ग्रॅम. जेवणासोबत वाईन घेणार असाल तर चालवणाऱ्याने घेऊ नये, एवढं सोपं ठेवा.

रस्ता शोधायला फोन पुरतो का?

पुरतो, पण फोन नेहमी सगळ्यात जलद रस्ता दाखवतो. आम्ही बोर्दोच्या स्टेशनवरच मिशलँचा कागदी नकाशा घेतला. त्यात निसर्गसुंदर रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ मारलेली असते. सकाळी कॉफीच्या वेळी मी नकाशा पसरायचे आणि हिरव्या रेघा जोडत जोडत दिवस ठरवायचे. लॉत आणि त्याला मिळणाऱ्या सेले नदीच्या काठचा रस्ता आम्हाला असाच सापडला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोक्यावर आलेला कडा.

पेट्रोल, टोल, पार्किंग?

डिझेलला तिकडे "गाझोल" म्हणतात, पेट्रोलला "एसपी ९५" किंवा "एसपी ९८". टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते बघून भरा. सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त पडतं. रविवारी तिथे माणूस नसतो, कार्ड घालून स्वतः भरायचं. भरण्याआधी कार्डवर मोठी रक्कम अडकवतात आणि नंतर सोडतात, त्यामुळे बँकेचा मेसेज बघून घाबरू नका. आपल्या कार्डवर परदेशातले व्यवहार निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून चालू करून ठेवा.

टोल फक्त मोठ्या हायवेवर. आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे द्यायचे. नुसतं नारिंगी "टी" दाखवणारी लेन टॅगवाल्यांची असते, तिथे जाऊ नका.

सुंदर गावांत पाहुण्यांच्या गाड्या आत सोडत नाहीत, पार्किंग वेशीबाहेर असतं, बहुतेक ठिकाणी पैसे देऊन. निळ्या रेघांच्या जागेत फुकट लावता येते, पण आल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. ती गाडीत आहे का बघा, नसेल तर तंबाखूच्या दुकानात मिळते.

मुक्काम हॉटेलात करावा की घरात?

आम्ही दोन प्रकारची घरं घेतली. एक "शांब्र दोत", म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली पाहुण्यांची खोली. कायद्याने अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे ठेवता येतात, आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच असतो. दुसरं "जीत", म्हणजे स्वयंपाकघरासकट स्वतंत्र घर, साधारण आठवड्याच्या हिशोबाने.

पहिला मुक्काम शांब्र दोतमध्ये करा. सार्लाजवळच्या आमच्या यजमान बाई सत्तरीच्या होत्या. रोज सकाळी घरच्या अक्रोडाचा केक, जर्दाळूचा मुरंबा आणि कोमट ब्रेड टेबलावर यायचा आणि मग त्या शेजारी बसून सांगायच्या की आज इकडे बाजार आहे, तिकडे जाऊ नका, रस्ता खणलाय. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नाही. काही घरांत आधी सांगितलं तर रात्रीचं जेवणही मिळतं, सगळे पाहुणे एकाच टेबलाला. ते एकदा तरी घ्याच.

शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो योग्यच आहे, कारण हा बदकाचा आणि हंसाचा मुलूख आहे. सार्लाच्या चौकात हंसांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि निम्म्या दुकानांत त्यांच्या यकृताचे डबे. मी शाकाहारी आहे (अंडं मात्र चालतं), नवरा सगळं खातो. तरी मी उपाशी राहिले नाही.

आधी सापळे सांगते. सार्लाचे लसूण घालून परतलेले बटाटे दिसायला अगदी आपल्या काचऱ्यांसारखे, पण ते बदकाच्या चरबीत तळतात. "तूरँ" नावाच्या लसणाच्या सारातही बहुधा तीच चरबी. बकरीच्या चीजच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, त्यांना "लार्दों" म्हणतात. विचारूनच घ्या. बऱ्याच चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

आता जे खाल्लं ते. रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, आपल्या छोट्या पेढ्यापेक्षा थोडं मोठं, गरम टोस्टवर, बाजूला मध आणि अक्रोड. रानातल्या मशरूमचं ऑम्लेट. बाजारातल्या स्ट्रॉबेरी. आणि आवेरोंमध्ये "आलिगो" : उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज, साय आणि लसूण घालून इतकं घोटतात की पळी वर उचलली तर हातभर लांब तार निघते. काँकमध्ये एका खानावळीत बाई आमच्या टेबलाशी येऊन ती तार पळीला गुंडाळून माझ्या ताटात सोडत होत्या. त्यासोबत सॉसेज देतात, ते नको म्हणून सांगायचं.

जीतमध्ये मी स्वतः रांधलं. ल प्वीच्या हिरव्या मसुरा तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. त्याची गोडा मसाला घालून आमटी केली, तिथल्या लांब दाण्याच्या तांदळाचा भात. पोहे आणि मसाले इथून नेले होते. दूध आणि मांसाचे पदार्थ, म्हणजे तूप, खवा, पनीरसुद्धा, युरोपात नेता येत नाहीत. आंबेही नाहीत. मे महिन्यात जाताना हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतील.

वेळेचं मात्र फार कडक आहे. दुपारचं जेवण बारा ते दोन, रात्रीचं सात-साडेसात ते नऊ. दोन वाजून दहा मिनिटांनी एका गावात पोचलो तर स्वयंपाकघर बंद, दुकानही चारपर्यंत बंद. गाडीत दोन सफरचंदं आणि बाकरवडी होती म्हणून निभावलं. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बहुतेक दुकानं उघडतच नाहीत. शनिवारी सामान भरून ठेवा.

फ्रेंच येत नाही, अडतं का?

पाच-सात शब्दांवर चालतं, पण ते शब्द वापरावेच लागतात. दुकानात, बेकरीत शिरताक्षणी आधी "बोंजूर". न म्हणता थेट "हे केवढ्याला" विचारलं तर ते उद्धटपणाचं वाटतं. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर "या, बसा" व्हायच्या आत काम सांगायला लागलं तर जसं वाटेल तसं. सहानंतर "बोंस्वार", निघताना "मेर्सी, ओर्व्वार".

शाकाहारींसाठी : "ज स्वी वेजेतारिएन, नी व्यांद, नी प्वासों." म्हणजे मी शाकाहारी आहे, मांसही नको, मासेही नको. बाईने असं म्हणायचं. पुरुषाने शेवट "वेजेतारियँ" करायचा. पाणी फुकट हवं असेल तर "युन काराफ दो".

गावांची नावं वाचायची कशी? सगळी "अक"ने का संपतात?

बेनाक, गाजाक, फिजाक, सूयाक. रोमन काळात जमीनदाराच्या नावापुढे जो प्रत्यय लावत त्याचा हा उरलेला तुकडा, अर्थ "अमक्याची जमीन". आपल्याकडे नावापुढे वाडी लागते तसंच. शेवटचा "क" उच्चारतात. सार्लाचा शेवटचा "त" मात्र उच्चारत नाहीत आणि लॉत नदीचा उच्चारतात. बऱ्याच गावांच्या वेशीवर दोन पाट्या असतात, एक फ्रेंच, एक ऑक्सिटान. ही इथली जुनी भाषा, आजींच्या पिढीपर्यंत घरात बोलली जायची.

कुठली गावं चुकवू नयेत?

"फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं" अशी एक अधिकृत संघटना आहे. १९८२ साली कोलाँज-ला-रूज या लाल दगडाच्या गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी ती काढली, गावं ओस पडू नयेत म्हणून. लोकवस्ती दोन हजारांपेक्षा कमी आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं असलीच पाहिजेत, अशा अटी आहेत. यादीत सुमारे १८० गावं आहेत आणि आम्ही फिरलो त्या भागात ती अगदी दाट आहेत. यादी चांगली आहे, फक्त तिचा पाठलाग करू नका.

सार्लाला बुधवारी किंवा शनिवारी सकाळी जा, बाजाराचे दिवस. तिथे एका जुन्या चर्चचा मंडई म्हणून उपयोग करतात. वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी त्याला पोलादाचे प्रचंड दरवाजे बसवलेत. आत कांदे-बटाटे, वर गॉथिक कमानी.

बेनाकचा किल्ला आणि नदीपलीकडचा कास्तेलनोचा किल्ला शंभर वर्षांच्या युद्धात समोरासमोरचे शत्रू होते, एक फ्रेंचांचा, एक इंग्रजांच्या बाजूचा. एकाच्या बुरुजावर उभं राहिलं की दुसरा इतका जवळ दिसतो की युद्धाची कल्पना नीट येते. याच काठाने नदीत कनू, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्या, भाड्याने मिळतात. प्रवाहाबरोबर खाली जायचं, परत आणायला गाडी येते. दोघांनी एक अख्खी दुपार त्यात घालवावी. ला रोक-गाजाकचा कडा पाण्यातून बघितला की कळतं तो गावावर किती वाकलाय. १९५७ साली त्याचा भाग कोसळून तीन माणसं गेली होती.

सँ-सीर-लापोपी लॉत नदीवर शंभर मीटर उंचीच्या सुळक्यावर आहे. कवी आंद्रे ब्रतोंनी १९५० मध्ये ते पाहिलं आणि तिथे घरच घेतलं. गाडीने वर जाऊ नका. खाली बूझिए गावात लावा आणि नदीकाठच्या जुन्या वाटेने चालत जा. काठावरून नावा ओढण्यासाठी ही वाट १९ व्या शतकात कड्यात खोदून काढली. डोक्यावर खडकाचं छत, पायाशी पाणी, दगडावर छिन्नीचे ओरखडे अजून दिसतात.

आणि काँक. तिथे आम्ही तीन रात्री राहिलो आणि अजून राहिलो असतो. स्पेनमधल्या सांतियागोला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं हे गाव. पाठीला सॅक, हातात काठी, पायाला पट्ट्या बांधलेली माणसं संध्याकाळी गावात उतरतात. वारीत चाललेल्या माणसाला त्यांची चाल लगेच ओळखू येते. मठाच्या दारावर १२ व्या शतकातलं शेवटच्या न्यायनिवाड्याचं शिल्प आहे, १२४ आकृत्या : एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक. सगळे मधल्या ख्रिस्ताकडे बघतात. तुम्ही कमानीच्या बाहेरच्या कडेकडे बघा. तिथे दगडाच्या पट्टीमागून चिमुकले चेहरे डोकावतात, बोटांनी कड धरलेली, फक्त डोळे आणि नाक वर. ते मला दुसऱ्या दिवशी दिसले आणि नंतर रोज मी त्यांनाच बघायला जायचे.

आत चर्चच्या खिडक्या पिएर सूलाज या चित्रकाराने १९९४ मध्ये पूर्ण केल्या. ते जवळच्याच रोदेझचे. १०४ खिडक्या, एकही रंग नाही, फक्त प्रकाश आत सोडणारी दुधी काच आणि काळ्या रेघा. सकाळी उबदार दिसतात, संध्याकाळी निळसर. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातले साधू यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, बाहेर येऊन शिल्प समजावून सांगतात, मग ऑर्गन वाजतो. आम्हाला भाषा कळत नव्हती. तरी तिन्ही रात्री गेलो.

लास्कोची गुहाचित्रं बघता येतात का?

मूळ गुहा नाही. १९४० मध्ये चार मुलांना ती सापडली, आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली. आज मोंतिन्याकला दिसते ती २०१६ मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती, फार चांगली आहे. पण अस्सल चित्रं बघायची असतील तर लॉतमधल्या पेश मेर्लला जा. ती गुहा अजून उघडी आहे. रोज ठरावीकच लोक सोडतात, म्हणून तिकीट आधी काढा. गाईड हळूच दिवा फिरवतो आणि भिंतीवर ठिपक्यांचे दोन घोडे उभे राहतात, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे. उजव्या घोड्याचं तोंड चित्रकाराने खडकाच्या नैसर्गिक आकारातच बसवलंय. भोवती हातांचे ठसे. तो हात आपल्याच हाताएवढा आहे, हे बघून मला बोलवेना.

आई-वडिलांना घेऊन जाता येईल का?

चालता येत असेल तर हो. रस्ते खडबडीत दगडांचे आणि चढाचे असतात, चांगले बूट हवेत. रोकामादूरला २१६ पायऱ्या आहेत, यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. पण लिफ्ट आहे, पैसे देऊन. मोंपाझिए हे गाव वृद्धांसाठी उत्तम, सगळं सपाट. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १३ व्या शतकात ते आखून वसवलं, काटकोनात रस्ते, मध्ये चौक आणि भोवती कमानींची सावली.

तब्येतीची अडचण आली तर हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान, तिथले लोक नीट सल्ला देतात. तातडीसाठी ११२.

चौदा दिवस दोघंच गाडीत. कंटाळा नाही आला? भांडलात का?

पहिल्या दोन दिवसांत भांडलो, रस्त्यावरून. मग ठरवलं : चालवणाऱ्याने चालवायचं, नकाशावाल्याने वळण दोनशे मीटर आधी सांगायचं, चुकलं तर पुढच्या गोल चौकातून वळून यायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. गोल चौक पावलोपावली आहेत, चुकीची किंमत दोन मिनिटं.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. घरी आमचं बोलणं म्हणजे बिलं, मुलीचे फोन, उद्याची भाजी. तिथे कॉसच्या माळावर, म्हणजे चुनखडीच्या कोरड्या पठारावर, एका दगडी गडग्याला टेकून दोन तास बसलो होतो. समोर मेंढ्या, पांढऱ्या अंगाच्या आणि डोळ्यांभोवती काळे चष्मे लावल्यासारख्या, त्या भागातलीच जात आहे ती. नवरा त्याच्या लहानपणच्या, वाईजवळच्या मेंढपाळांबद्दल सांगायला लागला. इतक्या वर्षांत हे मी कधीच ऐकलं नव्हतं. रोज एक तास असा मोकळा ठेवा, ज्यात काहीच बघायचं नाही.

खर्च किती येतो?

विमान सोडलं तर सगळ्यात मोठा खर्च मुक्काम आणि गाडी. दोघांची खोली नाश्त्यासकट आम्हाला रात्रीला ८५ ते ११० युरो पडली. दुपारचं ठरावीक जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त, म्हणून आम्ही दुपारी बाहेर आणि रात्री ब्रेड, चीज, टोमॅटो असं खोलीवर खायचो. ब्रेड आणि नळाचं पाणी हॉटेलात वेगळं लावत नाहीत, टिप द्यायचं बंधन नाही.

येताना काय आणलंत?

दगडी घाण्यावरचं अक्रोडाचं तेल, एक बाटली. ते तापवायचं नाही, कच्चंच वरून घालायचं. काओर शहराजवळ केर्सीचं केशर मिळतं, मध्ययुगात तिथे पिकायचं, मग बंद पडलं, आणि गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांनी पुन्हा सुरू केलं. त्याची एक छोटी डबी घेतली. कोजागरीला त्यातल्या सहा काड्या दुधात घातल्या.